कधी पास, कधी फेल: ग्नोम, प्लाझ्मा आणि एक्सएफसीईवरच्या जीयूआय टेस्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्सवर डेस्कटॉप अ‍ॅप बनवणारे आणि त्याच्या टेस्ट सांभाळणारे हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. बहुतेक पत्रांची सुरुवात एकच असते: "माझ्या मशीनवर तर चालते." ग्नोम, प्लाझ्मा आणि एक्सएफसीई हे लिनक्सचे वेगवेगळे डेस्कटॉप, आणि जीयूआय टेस्ट म्हणजे माणसासारखी बटणं दाबून अ‍ॅप तपासणारा प्रोग्राम. सोप्या प्रश्नांपासून अवघड प्रश्नांपर्यंत असा क्रम लावला आहे. जे एकदा सांगून झालंय तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अ‍ॅप तेच, कोड तोच. मग डेस्कटॉप बदलला की टेस्ट का पडते?

कारण पडद्यावर दिसणारं सगळं तुमच्या अ‍ॅपचं नसतं. खिडकीची चौकट कोण काढतं, फोकस कोणाला मिळतो, फाइल निवडायची खिडकी कोणाची, डायलॉगमधली बटणं कोणत्या क्रमाने लागतात, हे बरंचसं डेस्कटॉप ठरवतो. वेलँडवर (लिनक्सची पडद्यावर खिडक्या दाखवायची नवी पद्धत) ग्नोममध्ये अ‍ॅपला टायटल बार स्वतः काढावा लागतो, तर प्लाझ्मात केविन हा त्याचा विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा आणि फोकस देणारा प्रोग्राम) तो काढून देतो. प्लाझ्माचा नेहमीचा फॉन्ट नोटो सान्स. ग्नोमचा वर्षानुवर्षं कँटारेल होता, तो मार्च २०२५ मध्ये आलेल्या ग्नोम ४८ पासून अद्वैता सान्स झाला. फॉन्ट बदलला की लेबलची रुंदी बदलते, रुंदी बदलली की शेजारचं बटण सरकतं, आणि ठरावीक जागी क्लिक करणारी टेस्ट रिकाम्या जागेवर क्लिक करून येते. टेस्ट लिहिताना आपण यातलं काहीतरी गृहीत धरतो, पण ते कुठे लिहून ठेवत नाही. डेस्कटॉपने त्याची हमी कधीच दिलेली नसते.

२. मग सगळ्या टेस्ट सगळ्या डेस्कटॉपवर चालवायच्या का?

नाही. आकडेमोड, फॉर्म बरोबर भरला की नाही, मेनूतून योग्य फंक्शन चालतं की नाही, या गोष्टींना डेस्कटॉप लागतच नाही. क्यूटी या टूलकिटचा (बटणं, मेनू, खिडक्या पुरवणाऱ्या लायब्ररीचा) "ऑफस्क्रीन" प्लॅटफॉर्म वापरा, खिडकी न दाखवता टेस्ट काही सेकंदांत उरकतात. खऱ्या डेस्कटॉपवर फक्त तेवढंच चालवा जे डेस्कटॉपमुळे बिघडू शकतं: फोकस, फाइल डायलॉग, क्लिपबोर्ड, ट्रे (चालू प्रोग्रामचे छोटे आयकॉन बसतात ती जागा), नोटिफिकेशन, स्केलिंग. एका अ‍ॅपसाठी अशा वीस-तीस टेस्ट पुष्कळ होतात. त्या ग्नोम, प्लाझ्मा आणि एखाद्या हलक्या डेस्कटॉपवर रोज रात्री चालवा आणि रोज सकाळी निकाल बघा. शेकडो टेस्ट तीन ठिकाणी चालवून त्यांच्याकडे कोणी बघत नसेल, तर त्या नसल्यासारख्याच.

३. क्लिकसाठी एक्स-वायचे आकडे दिले तर काय बिघडतं? रेकॉर्ड केलेली टेस्ट तर पटकन तयार होते.

पटकन तयार होते आणि तितक्याच पटकन मोडते. वेलँडवर तर मुळातच अडचण आहे. आपली खिडकी पडद्यावर नेमकी कुठे आहे हे अ‍ॅपला कळतच नाही, तशी सोयच नाही. त्यामुळे अ‍ॅक्सेसिबिलिटीमधून पडद्यावरची जागा विचारली तर बऱ्याचदा खिडकीच्या आतलंच अंतर मिळतं, किंवा सरळ शून्य, शून्य.

आकड्यांऐवजी बटणाचं नाव आणि त्याची भूमिका विचारा. लिनक्सवर ही सोय एटी-एसपीआय, म्हणजे स्क्रीन रीडरसारख्या साधनांसाठीची अ‍ॅक्सेसिबिलिटीची यंत्रणा, देते. अ‍ॅप आपली सगळी बटणं, मेनू, टेक्स्ट बॉक्स एका ट्रीच्या रूपात डी-बसवर (प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायची वाहिनी) मांडतं आणि टेस्ट त्यात शोधते: "भूमिका: पुश बटण, नाव: सेव्ह". पायथनमधलं डॉगटेल हे टेस्टचं साधन याच पायावर उभं आहे. प्लाझ्मा बनवणाऱ्या केडीईने याच पायावर टेस्टच्या दुसऱ्या एका साधनासाठी, म्हणजे अ‍ॅपियमसाठी ड्रायव्हर बनवला आहे. ट्री डोळ्यांनी बघायचं असेल तर अ‍ॅक्सरसायझर उघडा. टेस्ट लिहिण्याआधी अर्धा तास त्यात फिरून आलात तर पुढचे दोन दिवस वाचतात.

हे मला मनापासून सांगायचं आहे: टेस्टसाठी तुम्ही बटणाला जे नाव देता, तेच ऑर्का हा स्क्रीन रीडर अंध वापरकर्त्याला वाचून दाखवतो. नुसतं चित्र असलेल्या बटणाला नाव नसेल तर टेस्टला ते सापडत नाही, आणि त्या माणसालाही सापडत नाही. म्हणून बटण सापडेना म्हणून आकड्यांकडे वळू नका. अ‍ॅपच्या कोडमध्ये जाऊन त्या बटणाला नाव द्या.

४. बटण समोर दिसतंय, पण ट्री रिकामं येतं. असं का?

एकेक गोष्ट तपासत जा. पहिली, सेशन बस (लॉगिन केलेल्या वापरकर्त्याची डी-बस) चालू आहे का? एटी-एसपीआयची स्वतःची वेगळी बस असते, पण तिचा पत्ता सहसा सेशन बसवरून मिळतो. कंटेनरमध्ये (टेस्टसाठी वेगळी बंदिस्त केलेली छोटी लिनक्स) सेशन बस सहसा नसते, तेव्हा संपूर्ण टेस्ट "डीबस-रन-सेशन"च्या आत चालवा. अ‍ॅप एका बसवर आणि टेस्ट दुसऱ्या बसवर, असंही होतं.

दुसरी, क्यूटी अ‍ॅप मागितल्याशिवाय ट्री मांडत नाही. "क्यूटी लिनक्स अ‍ॅक्सेसिबिलिटी ऑलवेज ऑन" हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ ठेवा. ग्नोमच्या सेटिंगमध्ये "टूलकिट-अ‍ॅक्सेसिबिलिटी" चालू करा. क्रोमियमवर बांधलेल्या अ‍ॅपना "फोर्स-रेंडरर-अ‍ॅक्सेसिबिलिटी" हा फ्लॅग द्यावा लागतो.

तिसरी गोष्ट शोधायला सगळ्यात जास्त वेळ खाते. जीटीके ३ ची (ग्नोमच्या टूलकिटवर बांधलेली) अ‍ॅप सीआयच्या (कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरच्या) लॉगमध्ये "अ‍ॅक्सेसिबिलिटी बसशी जोडता आलं नाही" अशी वॉर्निंग ओततात. कोणीतरी वैतागून "नो एटी ब्रिज" हा व्हेरिएबल १ करून ती बंद करतं. वॉर्निंग जाते, आणि तिच्याबरोबर ट्रीही जातं. सीआयच्या फाइलीत हा शब्द शोधून बघा.

एवढं करूनही एखादा भाग दिसत नसेल तर तो बहुधा कॅनव्हासवर हाताने काढलेला आहे, आणि त्याची अ‍ॅक्सेसिबिलिटी कोणी लिहिलेलीच नाही.

५. प्रत्येक पायरीनंतर ५ सेकंदांचा स्लीप टाकलाय. तरी कधीतरी फेल होते. १० करू का?

करू नका. वेगवान मशीनवर ते १० सेकंद फुकट जातात, आणि सीआयचं मशीन दमलेलं असेल तेव्हा १० सुद्धा पुरत नाहीत. वेळेची वाट बघू नका, स्थितीची बघा. क्यूटीच्या टेस्टमध्ये यासाठी "क्यूट्राय कंपेअर", "क्यूट्राय व्हेरिफाय" हे मॅक्रो आहेत. ते अट पुन्हा पुन्हा तपासतात, आणि वेगळं सांगितलं नाही तर ५ सेकंदांनी हार मानतात. अट अर्ध्या सेकंदात पुरी झाली तर टेस्ट अर्ध्या सेकंदात पुढे जाते.

कोणत्या स्थितीची वाट बघायची हेही महत्त्वाचं. एटी-एसपीआयमध्ये "व्हिजिबल" आणि "शोइंग" या दोन वेगळ्या स्थिती आहेत. मागच्या टॅबवरचं बटण "व्हिजिबल" असू शकतं, पण ते "शोइंग" नसतं. म्हणून दाबण्याआधी "शोइंग" (प्रत्यक्ष दिसणारं) आणि "सेन्सिटिव्ह" (दाबता येणारं) दोन्ही असल्याची खात्री करा. आणि एकदा सापडलेलं बटण व्हेरिएबलमध्ये जपून ठेवून पुढच्या डायलॉगमध्ये वापरू नका. डायलॉग बंद झाला की तो नोड मेलेला असतो. दर वेळी नव्याने शोधा.

अ‍ॅनिमेशन बंद करायला विसरू नका. ग्नोममध्ये "एनेबल-अ‍ॅनिमेशन्स" खोटं करा, प्लाझ्मात "अ‍ॅनिमेशन ड्युरेशन फॅक्टर" शून्य करा. सरकत येणाऱ्या मेनूवर केलेला क्लिक कुठे पडेल ते कोणी सांगू शकत नाही.

६. एक्सव्हीएफबीमध्ये टाइप केलेलं कुठेच उमटत नाही. लॅपटॉपवर मात्र चालतं.

तुमच्या लॅपटॉपवर विंडो मॅनेजर आहे, एक्सव्हीएफबीमध्ये नाही. एक्सव्हीएफबी म्हणजे नुसता अदृश्य पडदा. नव्या खिडकीला फोकस देणारं तिथे कोणी नसतं, म्हणून खिडकी "अ‍ॅक्टिव्ह" होण्याची वाट बघणारी टेस्ट वाट बघतच राहते. आत ओपनबॉक्स किंवा एक्सएफडब्ल्यूएम४ सारखा छोटा विंडो मॅनेजर आधी सुरू करा, तो तयार झालाय याची खात्री करा, मगच अ‍ॅप सुरू करा. पडद्याचा आकार, रंगाची खोली आणि डीपीआय (इंचामागचे ठिपके, ९६) स्वतः लिहून द्या. आपोआप मिळणाऱ्या आकारावर विसंबलात तर खालची बटणं पडद्याबाहेर जाऊ शकतात.

प्लाझ्मात उलटी गंमत होते. तिथे विंडो मॅनेजर असतो, पण केविन फोकस हिसकावू पाहणाऱ्या खिडकीला अडवतो. टेस्टने टर्मिनलमधून दुसरं अ‍ॅप उघडलं तर ते मागेच राहू शकतं. टेस्टच्या वापरकर्त्यासाठी हा अडथळा सेटिंगमधून बंद करून ठेवा.

७. वेलँडवर एक्सडूटूल चालतच नाही. पर्याय काय?

एक्सडूटूल हे खोट्या की आणि क्लिक पाठवणारं साधन एक्स११ च्या (वेलँडच्या आधीच्या पद्धतीच्या) एक्सटेस्ट या सोयीवर चालतं. कोणत्याही अ‍ॅपने दुसऱ्या कोणत्याही अ‍ॅपला खोट्या की पाठवाव्यात, हे वेलँडने मुद्दामच बंद केलं, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच केलं. वेलँड सेशनमध्ये एक्सडूटूलचा हात फार तर एक्सवेलँडमधल्या (वेलँडमध्ये एक्स११ चे प्रोग्राम चालवणाऱ्या थरातल्या) जुन्या अ‍ॅपपर्यंत पोचतो. प्लाझ्मा ६ (फेब्रुवारी २०२४) पासून तिथे वेलँड हाच नेहमीचा मार्ग आहे, आणि ग्नोमही एक्स११ सोडून चाललाय. तेव्हा हे काम पुढे ढकलू नका.

पर्याय असे. शक्य तिथे की न पाठवता एटी-एसपीआयची "अ‍ॅक्शन" वापरा, म्हणजे बटणालाच "स्वतःला दाब" असं सांगा. हा मार्ग सगळ्या डेस्कटॉपवर सारखा चालतो. त्याची एक उणीव लक्षात ठेवा: बटणावर दुसरं काही येऊन बसलं असेल, माणसाला ते दाबताच येत नसेल, तरी "अ‍ॅक्शन" यशस्वी होते. म्हणून थोड्या टेस्ट तरी खऱ्या माउसने आणि कीबोर्डने करा.

खऱ्या इनपुटसाठी ग्नोमवर डॉगटेल ग्नोम-पोनीटेल-डीमनची मदत घेतं, तो म्यूटर या ग्नोमच्या कंपोझिटरच्या (वेलँडवर खिडक्या एकत्र करून पडदा रचणाऱ्या प्रोग्रामच्या) रिमोट डेस्कटॉप सोयीतून की पाठवतो. वायडूटूल कर्नलच्या यूइनपुटमधून की पाठवतं, म्हणून कोणत्याही कंपोझिटरवर चालतं. पण त्याला यूइनपुटची परवानगी लागते, कंटेनरमध्ये ती सहसा नसते. शिवाय ते अक्षर नाही, कीचा क्रमांक पाठवतं, म्हणून कीबोर्ड लेआउट बदलला की अक्षरं बदलतात. डब्ल्यूटाइप स्वेसारख्या कंपोझिटरवर छान चालतं, पण म्यूटर त्याचा प्रोटोकॉल मानत नाही. ग्नोम आणि प्लाझ्मा दोघांना जोडणारा रस्ता म्हणजे लिबईआय ही इनपुट पाठवायची लायब्ररी आणि रिमोट डेस्कटॉप पोर्टल (पोर्टल म्हणजे डेस्कटॉपकडून एखादं काम करून घ्यायची ठरलेली वाट). लिबईआयची १.० आवृत्ती २०२३ मध्ये आली. नवीन काही उभारत असाल तर त्या दिशेने जा.

पडदा नसलेल्या सर्व्हरवर खरे कंपोझिटर चालतात: म्यूटर "हेडलेस" आणि "व्हर्च्युअल-मॉनिटर"सह, केविन "व्हर्च्युअल"सह, वेस्टन हेडलेस बॅकएंडवर. वेस्टनवर पास झाली म्हणजे ग्नोमवर पास होईल असं मात्र धरू नका.

८. "सेव्ह" दाबल्यावर फाइल डायलॉग उघडतो, पण माझ्या अ‍ॅपच्या ट्रीमध्ये तो नाहीच!

कारण तो तुमच्या अ‍ॅपचा नाही. पोर्टलमार्फत उघडलेला डायलॉग वेगळ्या प्रोसेसचा असतो, आणि फ्लॅटपॅक या बंदिस्त पॅकेजमधल्या अ‍ॅपसाठी तर हाच रस्ता आहे. प्लाझ्मात तो केडीईच्या पोर्टलचा, ग्नोममध्ये ग्नोमच्या पोर्टलचा. सप्टेंबर २०२४ च्या ग्नोम ४७ पासून तर तिथे नॉटिलस हा फाइल मॅनेजरच ती खिडकी दाखवतो. म्हणजे एका "सेव्ह"मागे तीन डेस्कटॉपवर तीन वेगळी ट्री.

त्या डायलॉगची टेस्ट करणं तुमचं काम नाही, ती त्यांची मंडळी करतात. तुमचं काम "हा पाथ मिळाल्यावर फाइल नीट लिहिली जाते का" एवढंच आहे. बहुतेक टेस्टमध्ये पाथ सरळ अ‍ॅपला द्या, किंवा क्यूटीत "नेटिव्ह डायलॉग वापरू नको" असं सांगा, म्हणजे सगळीकडे क्यूटीचाच डायलॉग येईल. खऱ्या डायलॉगसाठी प्रत्येक डेस्कटॉपवर एकच टेस्ट ठेवा आणि ती त्या डेस्कटॉपच्या नावाने वेगळी लिहा.

९. डायलॉगमध्ये "शेवटचं बटण दाब" असं लिहिलंय. ते चालेल ना?

नाही. क्यूटीचा बटणांचा डब्बा डेस्कटॉप बघून क्रम लावतो. ग्नोमच्या मांडणीत "ओके" किंवा "सेव्ह" अगदी उजवीकडे असतं, केडीईच्या मांडणीत उजवीकडे "कॅन्सल" असतं.

मी स्वतः हे करून बसले आहे. सेव्हच्या टेस्टमध्ये सगळ्यात उजवं बटण दाबायचं आणि मग "अहवाल" नावाची फाइल फोल्डरमध्ये आहे का ते बघायचं, असं लिहिलं होतं. ग्नोमवर पास, प्लाझ्मावरही पास, कित्येक आठवडे दोन्हीकडे हिरवं. एका संध्याकाळी फोल्डर रिकामा करून प्लाझ्मावर टेस्ट चालवली आणि ती पडली. तेव्हा कळलं की प्लाझ्मावर टेस्ट रोज "कॅन्सल" दाबत होती. आधीच्या एका टेस्टने तीच फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवलेली होती, आणि आमची टेस्ट ती बघून खूश होत होती. त्या काळात प्लाझ्मावरचं सेव्ह खरोखर बिघडलं असतं तर आम्हाला कळलंच नसतं. हे आठवलं की अजूनही वाईट वाटतं, कारण त्या हिरव्या रंगावर विश्वास ठेवून आम्ही दोन आवृत्त्या लोकांच्या हातात दिल्या होत्या.

यातून दोन सवयी लावून घेतल्या. बटण नेहमी नावाने शोधायचं. आणि टेस्ट सुरू होताना फाइल तिथे नाही हे आधी तपासायचं, मग दाबायचं, मग ती आली का ते बघायचं. फोल्डर वेगळा ठेवण्याबद्दल प्रश्न १२ पाहा.

१०. स्क्रीनशॉट जुळवून बघणं हाच सोपा मार्ग नाही का?

काही ठिकाणी तोच योग्य मार्ग आहे. ओपनसुसेची ओपनक्यूए संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम इन्स्टॉलरपासून तपासते, फेडोराही ती वापरते. तिथे अ‍ॅक्सेसिबिलिटी सुरू व्हायच्या आधीचे पडदे असतात, मग चित्राशिवाय इलाज नाही. पण ओपनक्यूएसुद्धा अख्खा पडदा पिक्सेलला पिक्सेल जुळवत नाही. "नीडल" म्हणजे चित्राचा महत्त्वाचा तुकडा आणि किती टक्के जुळलं तर चालेल याची नोंद.

तुमच्या अ‍ॅपमध्ये आलेख, नकाशा किंवा चित्रकलेचा कॅनव्हास असेल तर तेवढ्या भागाचं चित्र जुळवा. त्यासाठी फॉन्ट टेस्टसोबतच द्या, स्केल १ ठेवा, हिंटिंग (अक्षरांच्या कडा पिक्सेलवर बसवणं) पक्कं करा, जीपीयूऐवजी सॉफ्टवेअर रेंडरिंग वापरा. मेनू आणि डायलॉगची चित्रं जुळवू नका. थीमचा एक अपडेट आला की शंभर चित्रं लाल होतात, आणि मग लोक न बघताच नवी चित्रं मान्य करत सुटतात.

११. ट्रे आयकॉनची टेस्ट ग्नोमवर नेहमी फेल. बग माझ्याकडे आहे का?

बहुधा नाही. ग्नोमने २०१७ मध्ये, ३.२६ या आवृत्तीत, जुना ट्रे काढून टाकला. तिथे आयकॉन दिसायला एक्स्टेन्शन लागतं. काही डिस्ट्रो (लिनक्सच्या तयार आवृत्त्या) ते आपणहून देतात, काही देत नाहीत. टेस्टने आधी डी-बसवर "स्टेटस नोटिफायर वॉचर" (ट्रेच्या आयकॉनची नोंद ठेवणारी सेवा) आहे का ते विचारावं. नसेल तर "ट्रे नाही" असं कारण लिहून टेस्ट स्किप करावी, आणि त्याच वेळी ट्रे नसताना अ‍ॅपची खिडकी पुन्हा उघडता येते का याची दुसरी टेस्ट चालवावी. खरा बग बहुतेकदा तिथेच सापडतो.

नोटिफिकेशन तर पडद्यावर शोधूच नका. पायथन-डीबसमॉकमध्ये नोटिफिकेशन डीमनचं तयार टेम्प्लेट आहे. ते चालवा आणि अ‍ॅपने कोणता मजकूर पाठवला ते तपासा.

१२. मधूनच पासवर्डची खिडकी येते, किंवा पडदा लॉक होतो आणि टेस्ट पडते.

प्रत्येक टेस्टला नवं, रिकामं होम फोल्डर द्या, आणि कॉन्फिग, कॅश, डेटाचे पाथही त्याच्या आत वळवा. ग्नोमची सेटिंग मेमरीत ठेवणारा बॅकएंड वापरा, म्हणजे एका टेस्टने बदललेलं दुसरीला दिसणार नाही. कीरिंग आणि केवॉलेट (पासवर्ड जपून ठेवणाऱ्या सोयी) बंद ठेवा किंवा रिकाम्या पासवर्डने आधीच उघडून ठेवा. ग्नोमची स्वागताची फेरी, स्क्रीन लॉक, स्लीप, अपडेटची आठवण हे सगळं इमेज बनवतानाच बंद करा. टाइम झोन आणि लोकेलही (भाषा आणि आकड्यांची सेटिंग) पक्के करा.

१३. मराठी लोकेलवर टेस्ट चालवायच्या आहेत. देवनागरी टाइप करताना अक्षरं गळतात.

एक्सडूटूलला चालू लेआउटमध्ये नसलेलं अक्षर टाइप करायला सांगितलं की ते एका कीचा अर्थ तात्पुरता बदलतं. अ‍ॅपला तो बदल उशिरा कळला की अक्षर गळतं किंवा दुसरंच येतं. मजकूर भरणं एवढाच हेतू असेल तर एटी-एसपीआयच्या "एडिटेबल टेक्स्ट"मधून पूर्ण मजकूर एकदम भरा. आयबस या टायपिंगच्या सोयीतून इनस्क्रिप्ट कीबोर्ड नीट चालतो का हे तपासायचं असेल तर त्याच्या दोन-तीन टेस्ट वेगळ्या लिहा.

कंटेनरमध्ये मराठी लोकेल तयार केलेलं आहे का ते आधी बघा. नसेल तर अ‍ॅप गुपचूप इंग्रजीत उघडतं, टेस्ट पास होते, आणि मराठीची तपासणी झालीच नाही हे कळत नाही. पहिल्याच टेस्टमध्ये मेनूचं एक मराठी नाव दिसतं का ते तपासून घ्या.

आकडे वेगळेच छळतात. क्यूटी मराठी लोकेलमध्ये आकडे देवनागरीत छापतं, साध्या सीच्या प्रिंटफने छापलेले आकडे मात्र इंग्रजीच राहतात. छापलेला मजकूर जुळवण्याऐवजी स्पिन बॉक्सची किंमत विचारा.

आणि एक अस्सल मराठी खाच. "दुसऱ्या", "बऱ्याच" यांतला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: ऱ या स्वतंत्र अक्षराला (युनिकोड क्रमांक ०९३१) हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढे शून्य रुंदीचा जॉइनर लावून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. टेस्ट मात्र "दुसऱ्या हा दुसऱ्याशी जुळत नाही" असा संदेश देते आणि माणूस डोळे चोळत बसतो. युनिकोड नॉर्मलायझेशनने हे दोन प्रकार एक होत नाहीत, ते युनिकोडच्या लेखी समान नाहीतच. तुलनेआधी दुसरा प्रकार पहिल्यात बदलणारी एक ओळ स्वतःच लिहावी लागते. आणि तीच ओळ अ‍ॅपच्या सर्चमध्येही हवी, नाहीतर वापरकर्त्याला स्वतःचीच नोंद सापडणार नाही.

१४. फेल झाली की आपोआप पुन्हा चालवायची, असं ठेवलं तर?

एकदाच, आणि नोंद ठेवून. दुसऱ्या फेरीत पास झालेली टेस्ट "पास" म्हणून मोजू नका, तिच्यासाठी वेगळा रंग ठेवा आणि दर आठवड्याला ती यादी उघडा. तीन-तीनदा चालवून हिरवी करण्यात खरा रेस कंडिशनचा (कोणतं काम आधी संपतं यावर अवलंबून असणारा) बग लपतो, आणि तो मग वापरकर्त्याच्या मशीनवर भेटतो. ज्या टेस्टवर महिनाभर कोणाचाच विश्वास नाही ती बाजूला काढा आणि दुरुस्त झाल्यावर परत आणा.

१५. फक्त सीआयवर आणि फक्त प्लाझ्मावर फेल होते. समोर बघता येत नाही, शोधू कसं?

फेल होण्याच्या क्षणाला चार गोष्टी जपून ठेवा: स्क्रीनशॉट, संपूर्ण अ‍ॅक्सेसिबिलिटी ट्री मजकूर म्हणून, अ‍ॅप आणि कंपोझिटर दोघांचे लॉग, आणि त्या वेळी फोकस कोणाकडे होता. स्क्रीनशॉट आणि ट्री शेजारी ठेवून वाचा. चित्रात बटण आहे आणि ट्रीमध्ये नाही, तर प्रश्न ४. ट्रीमध्ये आहे पण "शोइंग" नाही, तर प्रश्न ५. दोन्हीकडे आहे पण फोकस दुसऱ्याकडे, तर प्रश्न ६. डायलॉग ट्रीमध्ये दुसऱ्याच प्रोसेसखाली दिसतोय, तर प्रश्न ८.

त्यानंतर तीच कंटेनर इमेज आपल्या मशीनवर आणा, तिला एकच सीपीयू कोअर द्या आणि ती एकच टेस्ट पन्नासदा चालवा. सीआयवर दहातून एकदा पडणारी टेस्ट एका कोअरवर बऱ्याचदा दर दुसऱ्या फेरीला पडते, आणि मग ती हातात सापडते.